दोन गट समोरासमोर बसवले की भडका उडेल?

तंटामुक्त समितीतले सदस्य, सोसायटीचे सचिव, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांची काळजी एकच: "दोन्ही गटांची बैठक लावली की प्रकरण आणखी चिघळतं. मग बोलवायचं कशाला?"

काळजी रास्त आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी शिबिरातल्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावल्या. वैर वाढल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. नुसत्या समेटाच्या जेवणावळी का फसतात, ते इथे दिसतं.

आता दुसरं उदाहरण. १९७२ हे उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराचं सर्वांत रक्तरंजित वर्ष. त्याच वर्षी मानवतावादी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स तिथल्या बेलफास्ट शहरातल्या नऊ जणांबरोबर अमेरिकेत पिट्सबर्गला बसले. त्यात कॅथलिक होते, प्रोटेस्टंटही होते, म्हणजे त्या संघर्षातल्या दोन्ही बाजू. सुरुवातीला आरोप आणि जुने हिशेबच निघाले. रॉजर्सनी ते दाबले नाहीत, निवाडाही दिला नाही. बोलणाऱ्याला नेमकं काय सोसावं लागलंय, ते ऐकून त्यालाच परत सांगत राहिले. एकाने सांगितलं की जगता यावं म्हणून मनावर पोलादी शटर ओढून घेतलंय. असं वाक्य तडजोडीच्या बैठकीत येत नाही. तिथे प्रत्येकजण आपल्या गटाचा वकील असतो.

त्यामुळे पहिली बैठक तोडग्याची ठेवू नका. त्याआधी प्रत्येकाला एकेकटं भेटा, किमान पाऊण तास. बैठकीला आठ-दहाच माणसं हवीत, दोन्हीकडून सारखी. पुढाऱ्यांना टाळा; त्यांना परत जाऊन गटाला जाब द्यायचा असतो, म्हणून ते मागे हटू शकत नाहीत. खुर्च्या गोल मांडा, मध्ये टेबल नको. जागा दोन्ही वस्त्यांच्या बाहेरची, आणि वेळ दोन-अडीच तास मोकळा. अर्ध्या तासात उरकलेली बैठक फक्त आरोपांपर्यंत पोहोचते.

नियम एकच, रॉजर्सनी १९५१ मध्ये मांडलेला: आधीच्या माणसाचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याचं समाधान होईल अशी सांगा, मगच स्वतःचं बोला. समजा, वाद पाण्याच्या पाळीचा आहे. एक म्हणतो, "यांनी रात्रीत कालव्याचं दार फिरवलं, आमचा ऊस वाळला." समोरचा लगेच म्हणेल, "पण तुम्ही मागच्या वर्षी..." इथेच थांबवा. "दादा, आधी त्यांचं सांगा." तो सांगेल, "यांचं म्हणणं, आम्ही पाणी चोरलं." पहिला मान हलवेल: "चोरीचं नाही हो. पोराच्या फीचे पैसे त्या उसात होते." पुन्हा सांगायला लावा. "फीचे पैसे गेले म्हणून यांना घोर लागलाय." आता पहिला म्हणतो, "हां, हेच." या "हां"ला तीन-चार फेऱ्या लागतात. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

बिघडतं कुठे? पोपटपंची केली तर ऐकणाऱ्याला चेष्टा वाटते. वाक्याच्या शेवटी "पण" आला की कमावलेलं जातं. आणि मध्यस्थाने "दोघांचंही चुकलं" म्हटलं की दोन्ही गट त्याच्यावर उलटतात. त्याची स्वतःची चीड चेहऱ्यावर दिसत असेल, तर त्याने दुसऱ्याला बसवावं; खोटी शांतता माणसं लगेच ओळखतात.

काही ठिकाणी ही बैठक घेऊच नये. मारहाण चालू आहे, एका बाजूवर बहिष्कार आहे, जातीय अत्याचार झालाय, तिथे आधी संरक्षण आणि कायदा. घाबरलेल्या माणसाला हल्लेखोरासमोर बसवून "त्याचं ऐका" म्हणणं हा दुसरा अन्याय ठरतो.

समजूत पुरेशी झाली की सामायिक काम द्या. ओक्लाहोमातली मुलंही टाकीचं पाणी बंद पडल्यावर ते सुरू करायला एकत्र आली. इथेही चारी साफ करणं, पाळीची वही दोन्ही गटांच्या सहीने ठेवणं असं काही हवं. आणि एका कामाने भागत नाही, शेरीफनाही बरेच प्रसंग आखावे लागले.

सर्वांत अवघड भाग बैठकीनंतरचा. मन बदललेला माणूस वस्तीत परतला की "फितूर" ठरतो. बेलफास्टला परतल्यावर त्या बैठकीची चित्रफीत दाखवायला एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट अशा जोड्या गेल्या. तुमच्याकडेही वस्तीत सांगायला एकट्याला पाठवू नका. दोन्हीकडचा एकेक असे दोघे मिळून जाऊ द्या, आधी जवळच्या दोन-तीन घरी, आणि आठवड्याभरात त्या दोघांना परत भेटा.