'बोंबा'चं नातं बोंबेशी की बंबाशी?

प्रश्न असा आहे: फिलिपीन्सच्या जुन्या सिनेमाबद्दल वाचताना 'बोंबा' चित्रपट (म्हणजे उघडेवाघडे) असा शब्द भेटला. हा आपल्या 'बोंब'चा कुणी लागतो का? आणि तिकडच्या 'लव्ह टीम'ला, म्हणजे पडद्यावरच्या ठरलेल्या नायक-नायिकेला, मराठीत सरळ 'जोडी' म्हणावं का?

बोंबेशी काही नातं नाही. ती आपली घरची. शिमग्यात तोंडावर हात मारून जो आवाज निघतो, त्यातूनच जन्मलेली. तागालोग या तिथल्या भाषेतला 'बोंबा' स्पॅनिशमधून आला आणि तिथे त्याचे दोन अर्थ आहेत, स्फोटाचा बॉम्ब आणि पाण्याचा पंप. तागालोगने दोन्ही ठेवले. हातपंप तो बोंबा आणि आग विझवणारा तो 'बोंबेरो'. आता आपला आगीचा बंब आठवा, न्हाणीघरातला तांब्याचा बंबही आठवा. हा बंब पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून आला असं मानतात. म्हणजे फिलिपिनी बोंबाचा चुलतभाऊ आपल्या न्हाणीघरात धूर काढत होता!

सिनेमाला हे नाव मिळालं ते मात्र स्फोटावरून. राजकारणातल्या सनसनाटी गौप्यस्फोटालाही तिथे बोंबा म्हणत. पडद्यावर कपडे उतरू लागले तेव्हा तोच शब्द तिकडे सरकला. १९७० चा मर्ल फर्नांडेझचा 'उहाव' (अर्थ 'तहानलेली') या लाटेतला गाजलेला चित्रपट. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला, सेन्सॉर कडक झाला आणि बोंबा मागे पडला. मग निर्मात्यांनी नायिकेला कपड्यांसकट भिजवायला सुरुवात केली. १९६९ ची विश्वसुंदरी ग्लोरिया दियाझ १९७४ मध्ये अशीच ओलेती पडद्यावर आली आणि 'वेट लुक'ची टूम निघाली. पुढे शब्द आला 'बोल्ड'. तो आपल्यालाही परका नाही. आपल्या सिनेपुरवण्यांतल्या 'बोल्ड सीन'मध्येही धिटाईचा अर्थ शोधून सापडायचा नाही.

आता लव्ह टीम. 'जोडी' म्हणा, पण अर्धाच अर्थ येईल. लव्ह टीम पडद्याबाहेरही जुळलेलीच असावी, असा प्रेक्षकांचा हट्ट असतो आणि निर्माते तो पुरवतात. १९७० च्या आसपास नोरा औनोर आणि तिर्सो क्रूझ (तिसरा) यांची जोडी 'गाय अँड पिप' या नावाने ओळखली जाई. 'गाय' हे नोराचं लाडकं नाव, आपण हसायचं नाही. तिची प्रतिस्पर्धी विल्मा सांतोस, जोडीला एडगर मोर्तिझ. सगळा मामला कोवळ्या वयाचा, गाण्यांचा.

मला खरा रस आहे तो ही विल्मा मोठी झाल्यावरच्या सिनेमात. क्रिस्तोफर दे लेओनबरोबर ती १९७५ पासून दिसू लागली आणि १९८२ मध्ये इश्माएल बेर्नालच्या 'रेलास्योन'मध्ये विवाहित पुरुषाबरोबर राहणारी बाई झाली. त्या वर्षीचे अभिनयाचे मोठे पुरस्कार तिनेच नेले. ती जोडी लोकांनी स्वीकारली, पण त्यात हुरहुर कमी आणि घरातली कुरबूर जास्त होती. व्हॅटिकन सोडलं तर नागरी घटस्फोटाचा कायदा नसलेला हा एकच देश (तिथल्या मुस्लिमांना वेगळा कायदा आहे). लग्न सहज मोडता येत नाही, म्हणून तिसरं माणूस येतं, आणि मेलोड्रामाला कथा मिळते.

या तिसऱ्या माणसाला तागालोगमध्ये म्हणतात 'कबित'. मूळ अर्थ, जोडलेलं! आपण 'जोडणे'वरून नवरा-बायकोची जोडी केली. त्यांनी त्याच अर्थाच्या शब्दावरून लग्नाबाहेरची बाई केली. म्हणून लव्ह टीमला 'जोडी' लिहिताना मला तरी अडखळायला होतं. मी 'लव्ह टीम'च ठेवतो. कबितला आपल्याकडे 'ठेवलेली' जवळचं, पण त्यात मालकीचा वास आहे. 'कबित'मध्ये आहे तो बाहेरून जोडून घेतल्याचा. दुसऱ्याच्या परवान्यावर आपली जीपनी (तिथली प्रवासी गाडी) चालवायची, या बेकायदा पद्धतीलाही तिथे 'कबित सिस्टीम'च म्हणतात, आणि हा शब्द न्यायालयाच्या निकालांतही येतो.