विजापूर: गोलघुमटाच्या पलीकडे

प्रश्न: दिवाळीत आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. त्यांत गुडघेदुखी असलेले दोन ज्येष्ठ आहेत, शाळकरी मुलेही आहेत. त्यांना एका दिवसात विजापूर दाखवायचे आहे. शाळेच्या सहलीत मी केवळ गोलघुमट पाहिला होता. आणखी काय पाहावे, आणि कोणत्या क्रमाने?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: सोलापूरकरांनी विजापूरला परराज्यातले शहर समजून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपला भुईकोट किल्ला हे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातील वैराचे जुने कारण होते. हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिचा विवाह पहिल्या अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून विजापूरकडे गेले. आणि ही सोयरीक जुळल्यामुळेच १५६५ मध्ये दख्खनचे सुलतान विजयनगरविरुद्ध एकत्र उभे राहू शकले. विजापूरची भव्य जामा मशीद अलीने त्या विजयानंतर बांधायला घेतली. पाहुण्यांना हा धागा किल्ल्याजवळूनच सांगत निघालात, तर पुढचे सारे त्यांना आपलेसे वाटेल.

अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. पहाटे निघून गोलघुमट सकाळीच गाठावा, कारण गर्दी वाढली की घुमटाखालच्या सज्जातला प्रतिध्वनी नुसत्या गोंगाटात हरवतो. हे मुहम्मद आदिलशहाचे थडगे असून घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे. एवढा भार एकाही खांबाविना एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर तोलला आहे, हे मुलांना खालूनच मान वर करून पाहायला सांगावे. सज्जात जायला कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याचा उंच पायऱ्यांचा जिना आहे. ज्येष्ठांनी तो टाळून समोरच्या नगारखान्यातील संग्रहालय पाहावे. ते शुक्रवारी बंद असते.

तेथून जामा मशीद, मग गगनमहाल हा जुना राजवाडा आणि बारा कमान हे दुसऱ्या अली आदिलशहाचे अपुरे राहिलेले थडगे, एवढे दुपारपर्यंत होते. जेवणात जोळद रोट्टी, एण्णगाई आणि शेंगाचटणी घ्यावी. आपल्या भाकरीची आणि भरल्या वांग्याची ही कानडी भावंडे आहेत.

दुपारनंतर शेर्झा बुरुजावरची मुलूखमैदान तोफ पाहावी. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि १६३२ मध्ये मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. तोफेचे तोंड जबडा वासलेल्या सिंहाचे असून त्या जबड्यात हत्ती चिरडलेला दाखवला आहे. मुलांना तो स्वतः शोधू द्यावा.

सर्वांत अधिक वेळ मात्र इब्राहिम रोजासाठी राखून ठेवावा. गोलघुमट आकाराने दिपवतो, पण विजापूरच्या कारागिरांचा हात पाहायचा तर तो येथेच, असे माझे ठाम मत आहे. १५८० ते १६२७ या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे हे थडगे. संगीताचा हा निस्सीम उपासक स्वतः दख्खनीत गीते रचत असे, त्यांत सरस्वती आणि गणपती यांची स्तुती करीत असे, आणि प्रजा त्याला जगद्गुरू म्हणत असे. थडग्याच्या खिडक्यांजवळ थांबून बारकाईने पाहावे: तेथील जाळी म्हणजे वेलबुट्टी नसून दगड आरपार कोरून काढलेली अरबी अक्षरे आहेत, आणि आतल्या दालनात उजेड त्या अक्षरांच्या फटींतूनच येतो. आतले सपाट दगडी छतही कुठल्याही दृश्य आधाराविना तोललेले आहे. आवार सपाट व शांत असल्याने ज्येष्ठांनाही येथे निवांत बसता येईल.

वेळ कमी पडला तर गगनमहाल वगळावा, रोजा वगळू नये. स्वतःचे वाहन नसल्यास होटगीमार्गे रेल्वे आहे, आणि विजापूर स्थानकापासून गोलघुमट अगदी जवळ आहे.