एकाच स्विचवर दोन व्हीलॅन केले, आता एकमेकांना पिंग (समोरचं यंत्र पोचतंय का हे बघायची चाचणी) जात नाही. स्विच बिघडलाय का?

नाही, स्विच अगदी बरोबर वागतोय. व्हीलॅन म्हणजे एका स्विचचे आतल्या आत पाडलेले वेगळे भाग. समजा पोर्ट १ ते १२ व्हीलॅन १० मध्ये (अकाउंट्स) आणि १३ ते २४ व्हीलॅन २० मध्ये (कॅमेरे). १० मधल्या पीसीने ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेला संदेश) केला, तर तो २० च्या एकाही पोर्टवर जात नाही. एआरपीची विचारणा (‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असा ब्रॉडकास्ट) पलीकडे पोचतच नाही, मग पिंग कुठून जाणार?

दोघांना बोलायला लावायचं तर मध्ये राउटर किंवा लेयर ३ स्विच (राउटरचं कामही करणारा स्विच) हवा. प्रत्येक व्हीलॅनला वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) द्या आणि पीसीवर आपापल्या व्हीलॅनचा गेटवे (त्या व्हीलॅनमधला राउटरचा आयपी पत्ता) टाका. बहुतेकांचं इथेच अडतं.

दुसरा स्विच जोडायचा असेल तर मधली केबल ट्रंक पोर्टवर (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट) लावा. ट्रंकवरून जाताना फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) ८०२.१क्यू या व्हीलॅनच्या मानकाचा ४ बाइटचा टॅग घातला जातो. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात, म्हणून १ ते ४०९४ एवढेच क्रमांक वापरता येतात. ॲक्सेस पोर्टवरून (एकाच व्हीलॅनचा साधा पोर्ट) पीसीकडे जाताना टॅग काढला जातो, त्यामुळे पीसीला व्हीलॅनचा पत्ताही नसतो.

नेटिव्ह व्हीलॅन मात्र ट्रंकच्या दोन्ही टोकांना एकच आहे ना, हे नक्की तपासा. त्याची फ्रेम बिनटॅगची जाते. क्रमांक जुळला नाही तर ती गुपचूप भलत्याच व्हीलॅनमध्ये शिरते आणि शोधता शोधता दिवस जातो.