२ लाख किलोमीटर चाललेली बोलेरो पिकअप जनरेटरची ट्रॉली ओढायला घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१६ ची आहे, मीटर २ लाख १० हजार दाखवतो, सकाळी पांढरा धूर मारते आणि चढाला टेम्परेचरचा काटा वर जातो. लग्नाच्या सीझनला तिच्यामागे जनरेटरची ट्रॉली लावून हडपसर-सासवड करायचंय.

दोन लाखांना घाबरू नका. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर डिझेल इंजिन याच्या पुढेही चालतं. शिवाय मीटर मागे फिरवलेला असू शकतो, त्यापेक्षा क्लच पेडलचं झिजलेलं रबर खरं बोलतं. तुमचा सौदा ठरणार आहे तो ती हीट का मारते, म्हणजे का तापते, यावर. रेडिएटरमुळे मारत असेल तर घ्या, हेडमुळे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागामुळे, मारत असेल तर सोडा.

माझं गॅरेज फुरसुंगीला आहे, असल्या गाड्या रोज बघतो. सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत सेल्फ मारू नका.’ बॉनेट गरम लागलं तर सरळ परत फिरा. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आतलं पाणी तांबूस आणि तोंडाशी पांढरा थर दिसला, तर कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत आलेत. आमच्याकडे हे सर्रास चालतं. क्षाराने नळ्या बुजल्या की रिकामी गाडी ठीक पळते आणि लोडवर तापते. यावर इलाज आहे: कोअर (आतली नळ्यांची जाळी) बदला किंवा रेडिएटरच नवा टाका, पुण्यात नाना पेठेत माल मिळतो. फॅन आणि थर्मोस्टॅटही त्याच वेळी बघून घ्या.

आता झाकण लावून गाडी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताने दाबून बघा. इंजिन अजून गारच आहे, तरी मिनिटभरात पाइप टणक झाला किंवा कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे यायला लागले, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाण्यात घुसतंय. म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय, नाहीतर हेडलाच क्रॅक आहे. मालक म्हणेल, ‘गॅस्केट टाकून देतो, हाय काय त्यात!’ पण तापून हेड वाकलेलं असू शकतं, आणि वाकलेल्या हेडवर नुसतं गॅस्केट टाकून ट्रॉली ओढली तर ते पुन्हा जाणार.

पांढऱ्या धुराचंही तसंच. धुराला कच्च्या डिझेलचा डोळे चुरचुरणारा वास असेल आणि इंजिन तापल्यावर तो थांबत असेल तर हीटर प्लग (गार इंजिन तापवणारा) किंवा नोझल (डिझेल फवारणारं) बघा, खर्च आवाक्यातला आहे. तापल्यावरही धूर चालू आणि कूलंट कमी होतंय, तर पुन्हा हेडच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन स्लो चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं ठेवा. थोडी वाफ चालते, पण झाकण उडायला लागलं आणि भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलून दुरुस्त करायला आलंय.

मग ट्रॉली लावून वडकीकडून दिवे घाट चढवा. ट्रॉली लावू देत नसतील तर मागे माल भरा. टेम्परेचरचा काटा बघा आणि इंजिनचा आवाज ऐका: आवाज चढतोय पण गाडी तेवढी पळत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. उतरतानाही बघा. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती मागून ढकलते, म्हणून चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

खाली वाकून हुकही बघा. तो बंपरला नाही, चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्ट केलेला हवा. तिथे ताजा रंग दिसला तर खरवडून बघा, खाली वेल्डिंग लपवलेलं असतं. जनरेटर आणि ट्रॉली मिळून वजन किती भरतं ते वजनकाट्यावर घ्या आणि कंपनीने त्या मॉडेलला ओढायला किती परवानगी दिलीय त्याच्याशी ताडा.

कागदांचं थोडक्यात: गाडीला आठ वर्षं उलटून गेलीत, म्हणजे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी, शिवाय पर्यावरण कर. तो भरलाय का बघा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलनं व्यवहाराआधीच मालकाकडून भरून घ्या. आणि ट्रॉलीही कायद्याने वाहनच आहे, तिची नोंदणी वेगळी लागते.