वाड्याचा जुना सागवानी दरवाजा फुगलाय, वर ऑइलपेंटचे थर आहेत. काय करावं?

आधी एक सांगतो, पावसाळ्यात रंधा मारू नका. आमच्या पुण्याच्या कसबा पेठेतल्या दाराला सुताराने ऑगस्टमध्ये रंधा मारला आणि मार्चमध्ये चौकटीत बोट जाईल एवढी फट पडली! लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. अडकतंय तिथे तूर्त मेणबत्ती घासा. बिजागरीचे स्क्रूही बघा, बरेचदा फुगणं नसतंच, दार नुसतं खाली झुकलेलं असतं.

खरं काम दिवाळीनंतर काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पेंट रिमूव्हर लावून पत्रीने (रंग खरवडायच्या पातळ पात्याने) खरवडा, मास्क घाला, लहान मुलं लांब ठेवा. नक्षीत पत्री घालायची नाही, तिथे जुना टूथब्रश. रंग पूर्ण निघाला की मग पॉलिश पेपर १२० नंबरचा, नंतर २२० चा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच.

उघड्या सागाला मी जवसाचं उकळलेलं तेल (दुकानात तयार मिळतं ते 'बॉइल्ड लिनसीड ऑइल') देतो. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ करायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसायचं, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ बसते. सामान पुण्याच्या बोहरी आळीत मिळेल. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून उघड्यावर वाळवा.

उंबऱ्यालगतची फळी किल्लीने टोचून बघा. पोकळ वाजली किंवा किल्ली आत गेली तर वाळवी किंवा कुज. तेवढा तुकडा सागातच बदलून घ्या. पितळी कड्यांना चिंच पुरते.