बेल्ट ओरडतोय, पुली लहान घालू का?

प्रश्न : आमची 2005 ची 40 सीटर डिझेल बस आहे, जोतिबा, पंढरपूर, कोकण असल्या ट्रिपा मारतो. गिऱ्हाईक मागतंय म्हणून साउंड, लाइटा, सीटगणिक मोबाइल चार्जिंग केलं, मग मूळचा 45 अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिन बेल्टनं फिरवतं ते वीज बनवायचं यंत्र) पुरंना म्हणून जुन्या बाजारातनं 120 चा आणून बसवला. आता सकाळी गाडी चालू केली की बेल्ट रेडकू ओरडल्यागत ओरडतोय, महिन्याला एक बेल्ट जातोय आणि गाडी उभी असली की लाइट बारीक. मिस्त्री म्हणतोय अल्टरनेटरला लहान पुली घाला. घालू का?
– एक बसमालक, कोल्हापूर

उत्तर : नका घालू. मिस्त्रीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पुली लहान झाली की अल्टरनेटर जास्त फिरतो हे खरंच, पण तुमचं दुखणं बेल्टचं आहे आणि लहान पुलीवर बेल्टचा वेढा आणखी कमी होतो, म्हणजे तो जास्तच घसरणार. आता फायदा किती ते बघा, समजा क्रँक पुली (इंजिनाची, बेल्ट फिरवणारी) 180 मिमी आणि अल्टरनेटरची 75, तर 600 च्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अल्टरनेटर मिनिटाला 1440 फेरे फिरतो, 65 ची घातली तर 1660. एवढ्या 220 आरपीएमसाठी बेल्ट कशाला मारायचा? त्यापेक्षा आयडल थोडं वाढवून बघा.

खरा हिशोब असा. 28 व्होल्टला 100 अँपिअर ओढले की 2800 वॉट झाले, अल्टरनेटरमध्ये उष्णतेत बरंच जातं, म्हणजे इंजिनाकडनं जवळजवळ साडेसहा हॉर्सपॉवर हवेत आणि ते सगळं 13 मिमीच्या एका बेल्टवरनं, त्यात तोच बेल्ट वॉटर पंप पण फिरवत असेल तर बिचाऱ्यानं करायचं काय. सकाळीच का ओरडतो, तर स्टार्टरनं बॅटरी उतरलेली असते, अल्टरनेटर पहिली काही मिनिटं फुल लोडवर असतो.

म्हणून दोन खाचांच्या पुल्या करा, दोन्हीकडं. आपल्या कोल्हापुरात पुली मिळत नाही असं कुणी म्हणालं तर हसायला येईल, उद्यमनगरात बिडाची कास्टिंग आणि लेथ दोन्ही आहेत. फक्त टर्नरला खाचेचा कोन सांगा. बेल्ट 40 अंशाचा असतो म्हणून बरेच जण खाचही 40 ची मारतात, पण लहान पुलीवर वळताना बेल्टच्या कडा फुगतात म्हणून तिथं खाच 34 ते 36 अंशाची लागते. बेल्ट धरतो ते बाजूच्या भिंतींवर, तळावर नाही. तुमच्या आत्ताच्या पुलीत टॉर्च मारून बघा, तळ चकाकत असेल तर बेल्ट खाली बसलाय, पुली गेली. क्रँक पुली रबराच्या डॅम्परवाली (मध्ये कंपन शोषणारं रबर) असेल तर तिला लेथवर अजिबात घेऊ नका, पुढं बोल्टनं जादा पुली लावा. रिब्ड बेल्टचा (बारीक उभ्या खाचांचा चपटा) नाद सोडा, त्याला सगळ्याच पुल्या बदलाव्या लागतात.

आता लाइन, म्हणजे दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते. क्रँक पुलीच्या तोंडावर सुतळी ताणून अल्टरनेटरच्या पुलीवर न्या, दोन्ही पुल्यांची कड सारखी असेल तर चार ठिकाणी टेकली पाहिजे (नसेल तर खाचेच्या मध्यापासनं मापा). माझ्या ओळखीच्या एका गाडीत ब्रॅकेटला एक वॉशर कमी पडला होता, तेवढ्यानं बेल्टची एकच बाजू खाल्ली आणि बॉनेटखाली काळी भुकटी. वॉशर टाकला, गप्प झाला.

ताण अंगठ्यानं दाबून 10-12 मिमी लवेल एवढाच ठेवा. आवाज बंद होईस्तोवर आवळत बसलात तर पंपाचं बेरिंग जाईल आणि ते नेमकं करूळ घाटातच जातं! दोन्ही बेल्ट एकाच कंपनीचे, एकदमच बदला, एक जुना एक नवा चालत नाही, लोड सगळा नव्यावर येतो. तासभर चालवून पुन्हा ताण बघा, नवा बेल्ट पहिल्यांदा सैल पडतोच.

आणि हो, 45 अँपिअरची जुनी वायर तशीच ठेवली असेल तर तेवढी आधी बदला, बॅटरीची निगेटिव्ह काढून. ती गरम होती का, हाताला कळेल.

ता.क. : बेल्टला साबण लावला तर आवाज जातो असं आणखी एका वाचकानं लिहिलंय. जातो की. दोन दिवस.