चावीचं पहिलं घड्याळ

बॅटरी सोडून चावीकडे वळताय, उत्तम! पहिलं घड्याळ जुनी एचएमटी 'जनता' घ्या. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळं सुरू केली, त्याच घराण्यातली ही. १७ ज्वेलचं (म्हणजे झीज कमी करणारे १७ बारीक खडे बसवलेलं) साधं मशीन, दुरुस्त करणारे अजून सापडतात. एचएमटीचंच 'पायलट' देखणं, पण त्यात भेसळ फार.

नवखे फसतात ते डायलला. ऑनलाइन दिसणारे चकचकीत लाल-हिरवे डायल बहुतेक नव्याने रंगवलेले असतात. फोटो मोठा करून बघा: अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा वाकड्या, तर सोडून द्या. पिवळट पडलेला मूळ डायल कधीही बरा. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागायचाच. विकणारा टाळाटाळ करू लागला की विषय संपला.

घेतल्यावर एवढंच:

- आधी सर्व्हिसिंग, मग मनगटावर. वाळलेल्या तेलावर चालवलं तर आतले भाग झिजतात.
- चावी रोज सकाळी, घड्याळ हातातून काढून. कडक लागली की थांबा, जोर नको.
- पाण्यापासून लांब. पावसाळ्यात सरळ घरी ठेवा.

दिवसाला अर्धा-एक मिनिट पुढेमागे होणारच, त्यासाठी दुकान गाठू नका. टायमिंग मशीन (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र), बीट एरर (टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक) वगैरे नंतर बघू. आणि स्वस्त मिळतात म्हणून एकदम पाच मागवू नका हो, सगळ्यांनाच सर्व्हिसिंग लागतं!